आधी नाली तपासा

दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा आठवडा अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंविषयीच्या जागृतीचा म्हणून जगभर पाळला जातो. याच आठवड्यात, 19 नोव्हेंबरला, जागतिक शौचालय दिनही येतो. पहिला कार्यक्रम वैद्यकीय महाविद्यालयांचा असतो: पोस्टर स्पर्धा, शपथ, प्रभातफेरी, ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी घेऊ नका’ असे फलक. दुसरा असतो जिल्हा परिषदेच्या स्वच्छता कक्षाचा आणि ग्रामपंचायतींचा. पाहुणे वेगळे, फाइल वेगळी, निधीही वेगळा. औषध हा डॉक्टरांचा विषय आणि नाली सरपंचांची, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. जंतूंना मात्र ही वाटणी ठाऊक नाही. माणसाच्या आतड्यात औषधाला सरावलेला जंतू शौचावाटे सांडपाण्यात उतरतो, नालीत-नाल्यात फिरतो आणि भाजी, पाणी, हात अशा वाटांनी पुन्हा कोणाच्या तरी पोटात जातो. म्हणून या आठवड्याचे खरे औचित्य साधायचे, तर वर्धा जिल्ह्याने हे दोन्ही विषय एकाच टेबलावर आणावेत आणि गावागावांच्या सांडपाण्यात हे जंतू किती आहेत ते नियमित मोजायला घ्यावे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न केवढा आहे हे आकडे सांगतात. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले आणि जवळपास 49 लाख 50 हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या देशातली गोष्ट भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांत दिसते. मूत्रमार्गाच्या संसर्गापासून रक्तातल्या जंतुदोषापर्यंत अनेक आजारांना कारण ठरणारा ई. कोलाय घ्या. 2017 मध्ये या जंतूच्या सुमारे 81 टक्के नमुन्यांवर इमिपेनेम हे राखीव औषध लागू पडत होते. 2023 पर्यंत हे प्रमाण 63 टक्क्यांच्या आसपास उतरले. इमिपेनेम ही सर्दीखोकल्याला द्यायची गोळी नव्हे. बाकीची औषधे हरल्यावर रुग्णालयात शिरेतून द्यायचे ते इंजेक्शन आहे. ज्याच्यावर तेही चालत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही.

वर्ध्याच्या इतिहासात अँटिबायोटिकच्या आरंभकाळाची एक नोंद जोडलेली आहे. 1944 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने आणवले गेले होते. त्या काळी ते इतके दुर्मीळ होते. सुया टोचून त्यांना आणखी त्रास देऊ नये, अशा भावनेने गांधीजींनी ते देऊ दिले नाही आणि 22 फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्यांच्याच नावाने सेवाग्रामला रुग्णालय उभे राहिले आणि त्यातून 1969 मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेव्हा विमानाने मागवावे लागणारे औषध आणि त्याची पुढची कितीतरी भावंडे आज चौकातल्या मेडिकलमध्ये पानानिशी, कधी दोन-तीन गोळ्या कापूनही मिळतात. ‘मागच्या वेळची तीच द्या’ एवढे म्हटले की काम होते. कापूस वेचायच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत बसण्यापेक्षा हे सोपे आणि स्वस्तही वाटते. त्या माणसाला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. मात्र त्याने किती गोळ्या घेतल्या, त्याच्या पोटात कोणते जंतू उरले, याची नोंद कुठल्याही रुग्णालयात होत नाही, हे लक्षात घ्यावे लागेल.

आपली पाहणी इथेच थिटी पडते. सेवाग्रामची संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अशा जंतूंच्या पाहणीसाठीच्या देशव्यापी जाळ्यात आहे. सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2011 च्या जनगणनेत तेरा लाखांची वस्ती असलेल्या जिल्ह्यात दोन मोठ्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा असणे ही चैन फार थोड्या जिल्ह्यांना लाभते. पण रुग्णालयाची प्रयोगशाळा काय पाहते? जो आजारी पडला, जो तिथवर पोहोचला, ज्याचे रक्त किंवा लघवी डॉक्टरांनी कल्चरला पाठवली, त्याचाच जंतू ती पाहते. त्यातही बरेच जण आधी दोन-तीन ठिकाणी औषधे घेऊन आलेले असतात. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या खेड्यात धडधाकट हिंडणाऱ्या माणसाच्या आतड्यातला प्रतिरोधक जंतू या चाळणीत सापडत नाही. त्याला स्वतःलाही तो जाणवत नाही. पुढे कधी शस्त्रक्रिया झाली, बाळंतपण अवघड गेले किंवा मुतखड्याने लघवी तुंबली, की तोच जंतू नको तिथे पोहोचतो आणि नेहमीचे औषध चालत नाही हे तेव्हा कळते.

सांडपाणी या सगळ्यांचे एकत्र ऐकते. त्यात श्रीमंत-गरीब, दवाखान्यात गेलेला आणि न गेलेला, असा भेद नसतो. कोणाच्या घरी जाऊन नमुना मागावा लागत नाही आणि कोणाचे नावही उघड होत नाही. काम करण्याची रीत फार गूढ नाही. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी सांडपाणी भरायचे. शक्यतो दिवसभर थोडे थोडे गोळा करून एकत्र केलेले. बर्फाच्या डब्यातून ते प्रयोगशाळेत आणायचे. तिथे दोन तबकड्यांवर ई. कोलाय वाढवायचे. एक साधी, दुसरीत सेफोटॅक्झिम हे औषध मिसळलेले. पहिल्या तबकडीवर एकूण किती, दुसरीवर औषधाला पुरून उरलेले किती, हे मोजले की दर शंभर जंतूंमागे प्रतिरोधक किती ते हाती येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण अशा तिन्ही अंगांनी पाहणी करण्यासाठी जी पद्धत प्रसिद्ध केली, ती याच एका जंतूवर उभी आहे. महागड्या यंत्रांविना जमावी, हा तिचा हेतूच होता. पुढची पायरी म्हणून एनडीएमसारख्या (नावातले ‘एनडी’ म्हणजे न्यू डेल्ही), राखीव औषधांनाही निष्प्रभ करणाऱ्या विशिष्ट जनुकांचा शोध पीसीआरने घेता येतो. कोविडने ती यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवलीच आहेत.

गटारातून आजाराचा माग काढणे आपल्या राज्याला नवे नाही. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम 2001 मध्ये सुरू झाले. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांमागे एखाद्यालाच लुळेपणा येतो. उरलेले विषाणू पसरवत हिंडतात. लुळ्या मुलाची वाट पाहत बसलो तर उशीर होतो, हे ओळखून पोलिओ मोहीम गटारापर्यंत गेली. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या पाण्याच्या बाटल्यांचाही वाटा आहे. कोविडकाळात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांडपाण्यात कोरोनाचा माग घेतला. ‘नीरी’ तर वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे.

प्रतिरोधक जंतूंबाबतही धडे आहेत आणि ते कडू आहेत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीच्या रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 नमुन्यांत एनडीएम-1 जनुक सापडले होते. आपल्याकडे तेव्हा जनुकाला दिल्लीचे नाव का दिले यावरून जेवढा गदारोळ झाला, तेवढा नळाच्या पाण्यावरून झाला नाही. उज्जैनच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी रुग्णालयाच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधेच वाहताना दाखवली. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात याच औषधाचे प्रमाण लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत पोहोचल्याचे 2007 मध्ये उघड झाले.

या साऱ्यांत वर्ध्याने सर्वाधिक मनावर घ्यावा असा निष्कर्ष 2019 चा आहे. 60 देशांतल्या 79 ठिकाणच्या सांडपाण्यातली जनुके एकाच पद्धतीने वाचल्यावर संशोधकांना दिसले, की कोणत्या देशात प्रतिरोधक जनुके किती, याचा मेळ त्या देशातल्या औषधवापरापेक्षा तिथली स्वच्छता, आरोग्य आणि एकूण राहणीमान यांच्याशी अधिक बसतो. औषध जपून वापरणे आवश्यक आहेच. प्रतिरोध जन्माला घालण्याचे काम औषधच करते. पण जन्मलेल्या जंतूला घरोघर पोहोचवण्याचे काम उघडी नाली करते. डॉक्टरांची चिठ्ठी सुधारली आणि नाली तशीच राहिली, तर अर्धेच काम होते.

हे वर्ध्याला पटवून द्यावे लागू नये. 1946 च्या सुमारास विनोबा पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन रोज सुरगावला चालत जात आणि गावातला मैला उचलून मातीआड करीत. हे काम कित्येक महिने, गांधीहत्येनंतरच्या घडामोडींनी त्यांना बाहेर खेचेपर्यंत, चालले. त्याही आधी 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. आणि 1951 मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. डॉ. रा. वि. वारदेकरांनी तिथे जी पद्धत बसवली, तिची तीन अंगे होती: पाहणी, शिक्षण आणि उपचार. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा बघू, असे न म्हणता कार्यकर्ते सायकलवरून गावोगाव गेले, घरोघरी माणसांच्या अंगावरचे चट्टे तपासले, रोगाबद्दलचे गैरसमज काढले आणि डॅप्सोनच्या गोळ्या पोहोचवल्या. 1955 च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच दिशा घेतली.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. डॅप्सोन एकटेच, वर्षानुवर्षे दिले गेले आणि कुष्ठरोगाचा जंतू त्यालाही सरावला. 1964 मध्ये डॅप्सोनला दाद न देणारा जंतू प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्यानंतरच्या वर्षांत अशा रुग्णांच्या नोंदी जगभरातून वाढत गेल्या आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. देशात हा बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. म्हणजे औषध निकामी होणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याने जागतिक आठवडे सुरू होण्याच्या कितीतरी आधी अनुभवले आहे. त्यातून बाहेर पडता आले त्याला औषधांइतकीच गावातली शोधपाहणी कारण होती. कोणाला कधी काय दिले, कोण मध्येच थांबला, कोणाला पुन्हा चट्टा आला, हे लिहून ठेवणारी माणसे होती म्हणून नवे औषध टिकले. पाहणी, शिक्षण, उपचार हा क्रमच आज सांडपाण्याला लावायचा आहे.

आता जमिनीवर काय करावे ते पाहू. पहिली अडचण अशी, की पाठ्यपुस्तकातले सांडपाणी मोठ्या शहराच्या भुयारी गटारातून एका प्रक्रिया केंद्रात येते. आपले तसे येत नाही. वर्धा आणि हिंगणघाट ही शहरे पाणीपुरवठा व मलनिःसारणासाठीच्या अमृत योजनेत आली. पण जिल्ह्यातली बहुसंख्य घरे सेप्टिक टँक, शोषखड्डा किंवा उघडी नाली यांवरच आहेत. वर्धा शहराला खेटून वाढलेल्या सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी या वस्त्या दिसायला शहर आणि कागदावर ग्रामपंचायती आहेत. म्हणून नमुन्याच्या जागा इथल्या वास्तवावरून ठरल्या पाहिजेत: शहराच्या मोठ्या नाल्यांची तोंडे, दोन्ही महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे पाणी, मेघे गावांच्या नाल्या, सेप्टिक टँक उपसणारे टँकर जिथे रिकामे होतात ती जागा, मटण-कोंबडी बाजाराचे सांडपाणी, आणि धाम व वणा या नद्यांचे वस्तीच्या वरचे व खालचे पाणी. आठही तालुक्यांतून किमान एकेक गाव असावे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत तेच नमुने घ्यावेत, कारण पावसाच्या पाण्याने सांडपाणी पातळ होते आणि उन्हाळ्यात घट्ट.

माणसे कुठून आणायची, हा प्रश्न वर्ध्यात तरी पडू नये. सेवाग्रामच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करते, घराघराची माहिती लिहिते. त्या वहीत सांडपाण्याचा एक रकाना वाढवायला फार खर्च येणार नाही. तपासणी दोन्ही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी वाटून घ्यावी, जनुकांच्या तपासासाठी ‘नीरी’चे साहाय्य मागावे, आणि समन्वय जिल्हा परिषदेच्या आरोग्य व पाणीपुरवठा-स्वच्छता या दोन्ही विभागांनी एकत्र करावा. पशुसंवर्धन विभागालाही बाजूला ठेवून चालणार नाही. कोलिस्टिन हे माणसासाठीचे शेवटच्या फळीतले औषध कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घातले जात होते. 2019 मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली. बंदी गोठ्यापर्यंत आणि कोंबडीघरापर्यंत पोहोचली का, हे कळायलाही बाजाराची नाली उपयोगी पडेल.

या पाहणीच्या मर्यादाही उघडपणे सांगायला हव्यात, नाहीतर पहिल्याच आकड्यावरून गोंधळ होईल. उघड्या नालीत गुरांचे शेण, कुत्र्यामांजरांची विष्ठा, सगळेच मिसळते. म्हणून सापडलेला जंतू माणसाचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जनुक सापडले म्हणजे गावात साथ आली असेही नाही. अमुक रुग्णाला अमुक औषध द्या, हे नालीतून कळत नाही; त्यासाठी कल्चरच करावे लागेल. एकेका आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांचा कल आणि गावागावांतला फरक, हीच या पाण्याची खरी साक्ष आहे. आणि एक धोका वेगळा आहे. कुष्ठरोगाच्या बाबतीत चट्टा दिसला की माणूस वाळीत पडत असे. उद्या एखाद्या वस्तीची नाली ‘वाईट’ निघाली, तर बोट त्या वस्तीकडे जाईल. ज्या वस्तीला नळ उशिरा आला, नाली बांधली गेली नाही, जिथला सफाई कामगार आजही हातमोज्यांविना उतरतो, तिलाच दोषी ठरवणे हा अन्याय होईल. आकडा जास्त निघाला तर आधी त्या वस्तीची नाली झाकली जाते का, हे पाहावे.

आकडा मिळाल्यावर काय करायचे, हे ठरवल्याशिवाय मोजणी सुरूच करू नये. अहवाल कपाटात गेला तर एवढा खटाटोप वाया जाईल. ज्या भागात प्रतिरोधक जंतूंचे प्रमाण चढते दिसेल, तिथे तीन गोष्टी आपोआप व्हाव्यात. अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या मेडिकलमधील अनुसूची एच-1 ची नोंदवही पाहावी. 2014 पासून ठरावीक अँटिबायोटिकच्या प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी आधी कोणते औषध द्यायचे, याचा सल्ला जिल्ह्याच्याच माहितीवरून मिळावा. आणि पंचायतीला सांडपाण्याच्या कामासाठी निधी देताना हा आकडा निकष म्हणून धरला जावा. रुग्णालयांनाही सूट नको. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम त्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया सक्तीची करतात. प्रक्रियेनंतर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा त्यांनी सर्वांआधी स्वतःच जाहीर केला, तर गावांना सांगायचा अधिकार त्यांना राहील.

गावाला विश्वासात घेऊन आरोग्याची व्यवस्था चालते, याचा दाखला याच मातीत आहे. 1980 च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी सेवाग्राम परिसरातल्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. वर्गणी ज्वारीच्या रूपात दिली जाई आणि ऐपतीप्रमाणे कमीजास्त असे. ज्वारी देणारा शेतकरी योजनेचा हिशेबही विचारत असे. सांडपाण्याच्या पाहणीलाही असाच हिशेब विचारणारा मालक हवा आणि तो मालक ग्रामसभा आहे. इंग्रजीतल्या आलेखांचा अहवाल मुंबईला किंवा दिल्लीला पाठवून हे होणार नाही. ‘आपल्या गावच्या नालीतल्या शंभर जंतूंपैकी इतके या औषधाला मरत नाहीत, मागच्या वर्षी इतके होते’ एवढे एक वाक्य गावाच्या फळ्यावर लिहिता आले पाहिजे. आशाताईंना ते समजावता आले पाहिजे. ते वाचून कोणीतरी सरपंचांना नाली कधी झाकणार हे विचारील आणि कोणीतरी मेडिकलवाल्याला म्हणेल, की चिठ्ठी आणतो, मग द्या.

येत्या 26 जानेवारीला प्रत्येक गावात ग्रामसभा बसेल. नमुने कुठून घ्यायचे आणि निकाल कोणी वाचून दाखवायचा, हे दोन ठराव त्या सभेपुढे ठेवण्याची तयारी जिल्हा परिषदेने आतापासूनच करावी. त्यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. एका तालुक्यापासून सुरुवात झाली तरी चालेल, फक्त ती दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने व्हावी आणि आकडा चांगला असो की वाईट, गावाला कळावा.